मूठभर माती आणि ट्रॅक्टरची ट्यूब

मी जातीचा ढिवर आहे आणि मला पोहता येत नाही.

हे वाक्य आमच्या गावात मोठ्यानं म्हणायची सोय नाही. (गावाला ठाऊक आहे, पण गाव दयाळू आहे.) पवनीच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या बांधाला, म्हणजे पाळीला, पाठ टेकून आमचं गाव बसलेलं आहे. आमच्या मोहल्ल्यातलं पोर आधी पोहतं आणि मग चालतं. मी मात्र आंघोळीच्या बादलीतसुद्धा हात घालून आधी तळ लागतो का ते बघतो. म्हणून धंदाही असा निवडला की पाण्याशी संबंध घमेल्यापुरता यावा. फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, ठिगळ लावायचं. त्याहून खोल पाण्यात उतरायची वेळ माझ्यावर चाळिशी उलटेपर्यंत आली नव्हती.

आणि माझे वडील म्हणजे दयारामबाबा! दुसरे लोक ओसरीवर येतात तितक्या सहज ते तलावात उतरायचे. जाळं टाकण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला लावायचे आणि जाळ्यात आलेला पहिला मासा परत सोडायचे. "पहिला त्याचा," म्हणायचे. (पहिलाच मासा नेमका सगळ्यात मोठा निघतो, असं मायचं मत होतं. "देवाले लहान मासा चालत नाही का वो?" असं ती विचारायची. बाबा हसायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा सोडायचे.) कोणाची म्हैस गाळात रुतली, कोणाची कळशी विहिरीत गेली, की बाबांना बोलावणं. आजूबाजूच्या गावात कोणी बुडालं तरीही बाबांनाच बोलावणं. ते जायचे, शोधून काढायचे आणि त्या घरचा चहासुद्धा न घेता ओल्या धोतरानं परत यायचे. आल्यावर कोणाशी बोलायचे नाहीत. कोपऱ्यात बसून खंजिरीवर एक भजन म्हणायचे, आणि मगच जेवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं. शाळेच्या मास्तरांनाही सोडलं नाही.

मलाही शिकवलं. म्हणजे, प्रयत्न केला. मला कंबरभर पाण्यात नेऊन त्यांनी पोटाखालचा हात हळूच काढून घेतला. बाकीची पोरं अशा वेळी हातपाय मारतात. मी बाबांच्या अंगावर चढलो. आधी खांद्यावर, मग डोक्यावर, आणि तिथं त्यांच्या केसांना अशी काही मिठी मारली की पाळीवर आल्यावर मला उतरवायला मायला यावं लागलं. असं दोन-तीन उन्हाळे चाललं. शेवटी बाबांनी मला पाळीवर बसवलं आणि पोहणाऱ्या सगळ्या पोरांचे कपडे माझ्या पुढ्यात आणून टाकले.

"राहू दे," ते मायला म्हणाले. "घरात एक जण कोरडा पायजेच. सारेच पाण्यात गेले तर कपडे कोन सांभाळंल?"

त्या दिवसापासून मी घराण्यातला कोरडा माणूस झालो. हुद्दा कायमचा होता.

पुढे मी पंक्चरचं दुकान टाकलं तेव्हा मोहल्ला हसला, बाबा हसले नाहीत. दुकानाचा नारळ त्यांनीच फोडला. आणि मग दर बाजाराच्या दिवशी सायकल हातात धरून यायचे. "पाह्य बाबू, चाक बसलं." मी ट्यूब काढायचो, ठिगळ लावायचो. पुढच्या बाजाराला चाक पुन्हा बसलेलं. मला वाटायचं, पोराची बोहनी व्हावी म्हणून माणूस मुद्दाम बाभळीचा काटा टोचून आणत असेल. बापाचं काळीज, दुसरं काय! (हा विचार आला की माझे डोळे भरून यायचे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आता कानोबाचं सांगतो. आमच्याकडे जन्माष्टमीला मातीचा कृष्ण बसवतात, त्याला कानोबा म्हणतात. मोहल्ल्याचा कानोबा आमच्या घरी बसतो. रात्रभर भजन, दुसऱ्या दिवशी काला, आणि मग वाजतगाजत तलावात विसर्जन. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. आमच्या मोहल्ल्याची एक रीत मात्र वेगळी आहे. कानोबाला काठावरून सोडून द्यायचं नाही. घरच्या थोरल्यानं त्याला डोक्यावर घेऊन गळ्याइतक्या पाण्यात जायचं, त्याच्यासोबत बुडी मारायची आणि तळाची मूठभर माती घेऊन वर यायचं. ती माती कुंभाराकडे जाते आणि पुढच्या सालचा कानोबा तिच्यातून घडतो. म्हणजे देव जातो, पण मूठभर मागे राहतो. ज्याच्या हाताला माती लागली, पुढचा कानोबा त्याच्या घरी.

बाबांच्या हाताला ती दरसाल लागली. पाण्याखाली ते इतका वेळ राहायचे की काठावरचं भजन आपोआप थांबायचं, बाया पदर तोंडाला लावायच्या. मग पाण्यातून आधी मूठ वर यायची आणि मागून बाबा. मी तेव्हा पाळीवर त्यांचा सदरा धरून बसलेला असायचो.

बाबा गेले ते पाण्यानं नाही, तापानं. शेवटी शेवटी मला जवळ बोलावून म्हणाले, "घना, माती काढजो."

मी हो म्हणालो. जाणाऱ्या बापाला कोणी नाही म्हणतं का? शिवाय मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय, आपण कोणत्या पोराशी बोलतोय हे ते विसरले आहेत.

पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. बाबांनी काढलेली शेवटची मूठ कुंभारानं ओल्या फडक्यात जपून ठेवली. वर्ष फिरलं आणि श्रावण लागला, तसा मला घास गिळवेना. भात चावताना तळाचा गाळ चावतोय असं वाटायचं. दुकानात कोणी "पाणी आहे का, भाऊ?" असं विचारलं तरी मी आधी विचारायचो, किती खोल?

एक दिवस माझा चुलतभाऊ शिवा आला. पाण्यात बाबांचा खरा वारस हाच. तलावात शिंगाडे लावतो, डोंगा चालवतो, मनानं चांगला आहे, फक्त जिभेला काटे आहेत, शिंगाड्यासारखेच.

"दादा," तो म्हणाला, "मी काढतो माती. तू कायले जीव देऊन राहिला? तू पाळीवर बस. कपडे सांभाळ."

माझ्या तोंडून "बरं" निघणारच होतं. इतक्यात माय बोलली. ती कानोबाच्या कोपऱ्यात सारवत होती. "बरोबर आहे शिवाचं. कानोबा त्याच्या घरी जाईल तर जाऊ दे," ती म्हणाली आणि सारवलेल्या जागेवरच पुन्हा सारवू लागली. "मंग या कोपऱ्यात काय ठेवू ते सांग. त्या मानसानं जलमभर इथं बसून खंजिरी वाजवली. आता धानाचं पोतं ठेवू?"

मी म्हणालो, "मी काढतो."

हे मी म्हणालो यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही. शिवाचाही बसला नाही. तो जाताना माझ्या बायकोला, म्हणजे रेखाला, हळूच म्हणाला, "वहिनी, दादाच्या खिशात नाव-पत्ता लिहून ठेवजा."

मी सरावाला लागलो. तलावावर नाही, दुकानात. गिऱ्हाईक नसलं की घमेल्यात तोंड बुडवायचो आणि श्वास धरायचो. पहिल्या दिवशी नाकात पाणी गेलं, दुसऱ्या दिवशी कानात, तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "का गा घना, डोक्याचं पंक्चर पाहून राहिला का?" भजन मंडळाचे म्होरके तुळशीरामबुवा सायकल घेऊन उभे होते. मी तोंड पुसलं. ते घमेल्यात वाकून म्हणाले, "बुडबुडे तर लई निघाले. गळती मोठी आहे."

सराव तिथंच संपला. पण घमेल्याकडे बघता बघता मला युक्ती सुचली. ट्यूब! हवा भरलेली ट्यूब घमेल्यात बुडवायला मला रोज दोन्ही हातांनी दाबावी लागते, तरी ती उसळून वर येते. मग अंगाला ट्यूब बांधलेला माणूस बुडेलच कसा? दुकानात ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब पडली होती. मी तिला माझ्या हातानं ठिगळ लावलं, हवा भरली आणि बगलेखाली चढवून पाहिली. झकास बसली.

आता हुशार वाचकाच्या लक्षात आलंच असेल की मला जायचं होतं बुडी मारायला आणि मी तयारी केली होती न बुडण्याची. माझ्या ते लक्षात आलं नाही. भीतीत माणसाला एका वेळी एकच गोष्ट सुचते.

विसर्जनाच्या दिवशी रेखानं माझ्या छातीभोवती ट्यूब दोरीनं आवळली आणि वरून बाबांचा ढगळ सदरा घातला. "अजी, लोक विचारतील," ती म्हणाली.

"काय विचारतील?"

"हेच, की कोन फुगवला?"

तिचं बरोबर निघालं. दारातच तुळशीरामबुवांनी मला वरून खाली न्याहाळलं. "घना, छाती लईच भरून आली गा."

"बाबांची आठवण," मी म्हणालो.

बुवांनी डोळे पुसले. मलाही रडू आलं, पण ते दोरी काचत होती म्हणून.

कानोबा पाटावर बसवून माझ्या डोक्यावर ठेवला. निळा, हसरा, हातात बासरी. टाळ-मृदंग सुरू झाले. रिमझिम लागली होती. कच्च्या मातीची मूर्ती, वरून पाऊस. तलाव येईपर्यंत कानोबाचा निळा रंग माझ्या कपाळावरून नाकापर्यंत आला होता. घरापासून पाळीपर्यंतची वाट इतकी छोटी आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी हळू चालत होतो. मागचे म्हणत होते, "कानोबाले सोडवत नाही त्याच्यानं." खरं तर मला जमीन सोडवत नव्हती.

पाण्यात पहिला पाय टाकला, मग दुसरा. पोटऱ्या, मांड्या, कंबर. पाणी वर चढत होतं आणि माझा जीव त्याच्या पुढे पुढे, वर वर पळत होता. छातीला पाणी लागलं आणि अचानक पायाखालची जमीन गेली. बुडालो नव्हतो. ट्यूबनं मला उचललं होतं. मी डोक्यावर देव घेऊन बाटलीच्या बुचासारखा तरंगत होतो.

क्षणभर फार बरं वाटलं. मग मागून वारा आला.

तलावावर पावसाळी वारा पाळीकडून आत वाहतो. तो माझ्या सदऱ्यात भरला आणि मी निघालो. पाय मारायचे असतात हे ऐकून होतो. मारले, तर जागेवरच गोल फिरलो. आता माझं तोंड काठाकडे होतं आणि काठ लांब जात होता. माय पाळीवर उभी होती. तिच्या हातात माझा कोरडा सदरा होता. तिच्या हातात तो बघितला आणि माझं उरलंसुरलं अवसान गळालं, कारण ती जागा माझी होती.

"शिवाऽऽ, वाचव!" मी ओरडलो.

काठावरून जोरात जयजयकार झाला. टाळ-मृदंगात त्यांना शब्द नाही, नुसता सूर पोचला होता. मी एक हात हलवला. सगळ्यांनी दोन्ही हात हलवले. तेवढ्यात मृदंगवाला जरा थांबला आणि पाण्यावरून बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"दयारामबाबा बी इतक्या आत नाही जायचे."

"भक्ती आहे, भाऊ. बापाच्या वर गेला पोट्टा."

"आन् आपन म्हनत होतो, भेवाडा आहे."

आता आठवलं की माती काढायची आहे. बुडी मारली तरच हे लोक घरी जातील आणि शिवा मला घ्यायला येईल, असा हिशेब करून मी डोळे मिटले, छाती खाली दाबली आणि बुडी मारली. ट्यूबनं मला कमरेपर्यंत वर फेकलं. पुन्हा दाबली, पुन्हा उसळलो. तीनचार वेळा असं झाल्यावर काठावर एकच कल्लोळ झाला. "देव नाचवून राहिला त्याले!" बुवांनी भजनाची लय वाढवली. नाचणाऱ्याला साथ द्यायला नको का?

पावसानं आणि माझ्या उसळ्यांनी कानोबा आता पुरता विरघळत होता. बासरी माझ्या खांद्यावरून गेली. निळं पाणी डोळ्यांत, तोंडात. दिसेनासं झालं. मी हयातीत पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. देवाला नाही, देव माझ्या मानेवरून ओघळत होता. बाबांना. म्हणालो, बाबा, तुम्ही परक्या माणसांना पाण्यातून काढलं. एकदा या. चहा घेऊ नका, पण या.

आणि उत्तर आलं. फुस्स्स.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. डाव्या बगलेखालून बुडबुड्यांची एक सरळ रांग निघाली. वॉल्व्हपासून बोटभर अंतरावर, म्हणजे जिथं मी ठिगळ लावलं होतं नेमकं तिथं. त्याही अवस्थेत मला वाटून गेलं की गिऱ्हाईक असतं तर म्हटलं असतं, "काका, नवीन काटा लागला असेल." पण गिऱ्हाईक मीच होतो.

मी खाली गेलो. वरचे टाळ एकदम बंद झाले, जणू कोणी दार लावलं. सगळं तपकिरी, थंड. पाय गाळात रुतले, मग मीही बसलो. बुडणारा काडीचा आधार घेतो म्हणतात. तिथं काडीही नव्हती, मातीच होती. दोन्ही मुठींनी मी ती आवळली. लहानपणी बाबांचे केस धरले होते तशी. आणि मग जिवाच्या आकांतानं पाय झाडून उभा राहिलो.

उभा राहिलो, आणि पाणी हनुवटीला लागलं.

हनुवटीला. मी जमिनीवर उभा होतो. आजूबाजूला शिंगाड्याचे वेल होते, हवा होती, आणि काठावर सगळा मोहल्ला वेडा झाला होता, कारण पाण्यातून आधी दोन मुठी वर आल्या होत्या आणि मागून मी. बाबांची एकच मूठ यायची. (माझ्या तोंडातसुद्धा मूठभर माती होती, पण ती मोजली नाही.)

शिवा डोंगा घेऊन आला. "दादा, माह्ये वेल तुडवले," हे पहिलं वाक्य. मग म्हणाला, "इकडे तर भर पडली आहे. काठापासून इथपर्यंत पाणी कुठं गळ्याच्या वर नाही. बाया म्हशी धुतात इथं. साऱ्यांले ठाऊक आहे. तू ओरडून काहून राहिला होता?"

"भजन म्हणत होतो," मी म्हणालो.

घरी आल्यावर मायनं माझ्या मुठी उघडल्या. मला त्या उघडता येत नव्हत्या. तिनं एकेक बोट सोडवलं. माती फडक्यात बांधली, सारवलेल्या कोपऱ्यात ठेवली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसली. मी म्हणालो, "माय, बाबा आले होते. त्यांनीच ओढलं मले खाली." आणि हे बोलताना मला खरंच तसं वाटत होतं.

माय उठली. अंगणातल्या दोरीवर ओल्या सदऱ्याशेजारी ट्यूब लोंबत होती. तिनं तिला दोन बोटांत धरलं, सुटलेलं ठिगळ वर-खाली करून पाहिलं.

"तुझा बाप नाही आला, बाबू," ती म्हणाली. "तुझं ठिगळ सुटलं. तुझ्या बापाच्या सायकलीचं बी असंच सुटायचं. आठ दिवस काही टिकत नव्हतं."

"म्हणजे?" मी म्हणालो. "ते काटा टोचून नव्हते आणत?"

"कायले टोचंल? पायी यायचा बाजारातून. मी म्हनो, अवो, त्या फाट्यापलीकडच्या दुकानात दाखवा. म्हने, नाही. पोरगं शिकून राहिलं, त्याच्याच हातचं लावीन." पदरानं तिनं डोळे टिपले, नाक पुसलं आणि ट्यूब माझ्या हातात दिली. "लई भरोसा होता त्याचा तुझ्यावर. बाकी कोनाचा नाही."

बाबांची सायकल अजून दुकानात उभी आहे. तिचं मागचं चाक बसलेलंच असतं. मी दर बाजाराच्या दिवशी त्याला नवीन ठिगळ लावतो.

परवा कुंभार निरोप घेऊन आला, यंदाचा कानोबा तयार होतोय, माती दुप्पट मिळाल्यामुळे मूर्ती अंमळ थोराड होईल आणि डोक्यावर जरा जड लागेल. रेखानं विचारलं, यंदा काय करणार? मी सांगितलं, काळजी नको. ट्यूब तीच आहे आणि ठिगळही माझ्याच हातचं आहे. बुडायची पूर्ण गॅरंटी.